गुंतागुंतीचा रुग्ण कोणाच्या रजिस्टरमध्ये?

तालुक्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पदे भरलेली असतील, तर समुपदेशक एकच नसतो. एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी केंद्रात एक बसतो, किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये दुसरा, मधुमेह-रक्तदाबाच्या एनसीडी विभागात तिसरा. क्षयरुग्णांचा पाठपुरावा करणारा कर्मचारी आणखी वेगळा. प्रत्येकाचे रजिस्टर स्वतंत्र, महिन्याचा अहवाल स्वतंत्र आणि तो अहवाल ज्याच्याकडे जातो तो जिल्ह्यातला अधिकारीही स्वतंत्र. ज्याला एकच आजार आहे त्याची या रचनेत बऱ्यापैकी सोय होते. ज्याच्या वाट्याला मधुमेह, क्षय, दारू, कर्ज आणि जीव देण्याचा विचार असे सगळे एकाच वेळी आले आहे, तो मात्र प्रत्येक रजिस्टरमध्ये थोडाथोडा असतो आणि त्याची पूर्ण जबाबदारी कोणाचीच नसते.

मानसिक आरोग्यसेवा गावापर्यंत नेली पाहिजे, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला, जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. वाद व्हायला हवा तो वेगळ्याच मुद्द्यावर: ही सेवा आखताना आपल्या डोळ्यांसमोर कोणता रुग्ण असतो? माझे म्हणणे असे की, सेवेची आखणी साध्या, एकाच आजाराच्या रुग्णासाठी करून मागाहून गुंतागुंतीच्या रुग्णाला तिच्यात कसेबसे बसवण्याऐवजी ती मुळातच गुंतागुंतीच्या रुग्णाला धरून केली पाहिजे. तशी केली तर साध्या रुग्णाचे काही बिघडत नाही. आजच्यासारखी केली तर गुंतागुंतीचा रुग्ण बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ज्या पद्धतीला जगभर ‘कोलॅबोरेटिव्ह केअर’ म्हणतात आणि जिला आपण सहयोगी उपचारपद्धती म्हणू, तिची कल्पना तशी सोपी आहे. रुग्ण आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच राहतो. त्याच्या मागावर राहणारा, फोन करणारा, गोळ्या सुरू आहेत का हे पाहणारा एक प्रशिक्षित समन्वयक असतो. आणि मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक रुग्णाला स्वतः न तपासता समन्वयकाबरोबर बसून संपूर्ण यादीचा नियमित आढावा घेतो. ज्याला बरे वाटत आहे त्याचे उपचार तसेच चालू राहतात, ज्याला वाटत नाही त्याचे बदलले जातात. अमेरिकेत साठीपुढच्या १८०१ नैराश्यग्रस्त रुग्णांवर झालेल्या ‘इम्पॅक्ट’ या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेल्यांचे प्रमाण या पद्धतीत सुमारे ४५ टक्के होते, तर नेहमीच्या उपचारांत १९ टक्के. त्यानंतर या पद्धतीच्या कितीतरी चाचण्या झाल्या आणि नैराश्य व चिंताविकारांसाठी ती उपयोगी पडते, हे आता पक्के झाले आहे.

आपल्या शेजारी गोव्यात ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली हीच कल्पना आपल्याकडच्या परिस्थितीत उतरवली. ‘मानस’ नावाच्या त्या चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि खासगी दवाखाने मिळून २४ ठिकाणे होती आणि २७९६ रुग्ण. समन्वयकाचे काम स्थानिक, डॉक्टर वा परिचारिका नसलेल्या, थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी केले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. सरकारी केंद्रांत ज्यांचे निदान पक्के झाले होते त्यांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेले रुग्ण या पद्धतीत ६५.९ टक्के होते, नेहमीच्या सेवेत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरकच पडला नाही. उलट नेहमीच्या सेवेतलेच ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि नव्या पद्धतीतले ६४.१ टक्के.

या दुसऱ्या आकड्याची आपल्याकडे जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. खासगी दवाखान्यात जास्त चांगली औषधे मिळत असतील, तिथला रुग्ण मुळात बऱ्या परिस्थितीतला असेल, ही कारणे आहेतच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गावचा फॅमिली डॉक्टर रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखतो. त्याच्या बायकोचे बाळंतपण, भावाशी चाललेला बांधाचा वाद, पोराची नोकरी हे सगळे त्याला ठाऊक असते. सरकारी केंद्रात डॉक्टर बदलत राहतात आणि केसपेपर दर खेपेला नवा निघतो. म्हणजे समन्वयकाने सरकारी केंद्रात जी पोकळी भरून काढली ती बहुधा समुपदेशनाच्या तंत्राची कमी आणि ओळखीची, सातत्याची जास्त होती. हा अंदाज बरोबर असेल तर तो गुंतागुंतीच्या रुग्णाबाबत दुपटीने लागू पडतो, कारण आपली हकिकत दर खिडकीला पहिल्यापासून सांगायची वेळ त्याच्यावरच सर्वांत जास्त येते.

आता असा एक रुग्ण कल्पनेने उभा करून पाहू. बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर, वय पंचेचाळीसच्या आसपास. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली. साखर पाच-सहा वर्षांपासून वाढलेली, गोळ्या अधूनमधून. आता नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय निघाला आहे, त्यामुळे दीड वर्षाहून जास्त काळ चालणारा औषधांचा कोर्स सुरू झाला आहे. झोप लागत नाही म्हणून संध्याकाळी दारू लागते. तो आशाताईला म्हणतो, ‘आता जगण्यात काही राम राहिला नाही.’

एनसीडी विभागात त्याची साखर मोजली जाते आणि पथ्य सांगितले जाते. क्षयरोग विभाग त्याला सायक्लोसेरीन आणि लिनेझोलिड ही औषधे देतो. सायक्लोसेरीनने काही रुग्णांत नैराश्य, भ्रम आणि आत्महत्येचे विचार उद्भवू शकतात, हे क्षयरोगाच्या डॉक्टरांना पाठ असते. लिनेझोलिडबरोबर नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या नेहमीच्या गोळ्या दिल्या तर सिरोटोनिन वाढून धोका संभवतो, हे मनोविकारतज्ज्ञांना माहीत असते. पण ठरलेल्या दिवशी भेट देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञापुढे हा माणूस उभा राहतो तेव्हा क्षयाचे कार्ड घरी राहिलेले असते आणि ‘कसल्या गोळ्या चालू आहेत’ या प्रश्नाला ‘टीबीच्या’ एवढेच उत्तर येते. पायांची आग होते अशी तक्रार तो तिन्ही ठिकाणी करतो. एनसीडीवाल्यांना ती मधुमेहाची वाटते, क्षयरोगवाल्यांना लिनेझोलिडची, तिसऱ्या टेबलावर दारूची. तिन्ही अंदाजांत तथ्य असू शकते. पण तिघे एकत्र बसून औषध बदलायचे की डोस कमी करायचा हे ठरवतील, अशी जागा कुठेच नाही. दरम्यान ऑक्टोबर उजाडतो आणि बिऱ्हाड कोल्हापूर-सांगलीकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात जाते. क्षयाची नोंद ‘निक्षय’ प्रणालीवर असल्यामुळे ती दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते. नैराश्याच्या केसपेपरला अशी सोय रुजलेली नाही. तो पिशवीत राहतो.

अशा माणसाला तपासणीची प्रश्नावली लावली तर काय होते? नैराश्य मोजण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत थकवा, भूक, झोप आणि मंदावलेल्या हालचाली यांचे प्रश्न आहेत. क्षय आणि मधुमेह असलेल्याला हे सगळे असतेच, म्हणून त्याचे गुण वाढतात. ते नैराश्याने वाढले की क्षयाने, हे कागदावरून कळत नाही. उलट नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे; त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी तिथेच थांबून बोलले पाहिजे. मी या प्रश्नावलीच्या विरोधात नाही, ती अत्यंत उपयुक्त आहे. पण बेरजेवरून ‘सौम्य’ ठरला की सल्ला, ‘मध्यम’ ठरला की समुपदेशन आणि ‘तीव्र’ ठरला की सिव्हिलला रेफर, ही जी पायऱ्यांची रचना आपण उचलली आहे, ती गुंतागुंतीच्या रुग्णाला दोन्हीकडून नडते. खालच्या पायरीवर त्याचे काही महिने निष्कारण जातात, आणि वरच्या पायरीवर पाठवले की साठ-सत्तर किलोमीटरच्या एसटी प्रवासात आणि बुडालेल्या मजुरीत तो गळतो. हातात रेफर चिठ्ठी देणे म्हणजे उपचार झाले, असे रजिस्टर मानते. चिठ्ठी घेऊन निघालेला माणूस पोहोचला की नाही, याचा रकाना बहुतेक रजिस्टरांत नसतो.

चाचण्यांचे पुरावे देतानाही थोडे सावध राहायला हवे. सुरुवातीच्या बहुतेक चाचण्या एकट्या नैराश्याच्या किंवा चिंताविकाराच्या रुग्णांवर झाल्या. मानसविकृती, द्विध्रुवी विकार, दारूचे गंभीर व्यसन असलेले लोक त्यांतून बरेचदा वगळले गेले. चाचणीच्या शिस्तीसाठी ते समजण्यासारखे आहे. पण मग त्या चाचण्यांवर उभी राहिलेली सेवा तीच वगळणूक धोरण म्हणून पुढे चालवते, हे समजण्यासारखे नाही.

पद्धतीत बदल करता येतो, हे दाखवणारे प्रयोग आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २१४ रुग्णांवर झालेल्या ‘टीमकेअर’ चाचणीत नैराश्याबरोबर मधुमेह किंवा हृदयविकार असलेलेच लोक मुद्दाम घेतले होते. त्यात परिचारिका हीच समन्वयक होती आणि ती मनाबरोबर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचीही उद्दिष्टे सांभाळत होती. दर आठवड्याला मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिशियन तिच्याबरोबर बसत, आणि त्या बैठकीत वेळ जाई तो सुधारणा न होणाऱ्या रुग्णांवर. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत मन आणि शरीर या दोन्ही बाजूंनी फायदा दिसला. त्याच धर्तीवर दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणम इथल्या मधुमेह-केंद्रांत ४०४ रुग्णांवर ‘इंडिपेंडंट’ ही चाचणी झाली. नैराश्याची लक्षणे निम्म्याने घटणे आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एकात ठरलेली सुधारणा होणे, असे तिचे दुहेरी उद्दिष्ट होते. दोन वर्षांनी ते सहयोगी उपचारांत ७१.६ टक्के रुग्णांनी गाठले, नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्क्यांनी. ही शहरांतली, बऱ्यापैकी सुसज्ज केंद्रे होती, हे खरे. तरी उद्दिष्टच दुहेरी ठेवले की कामाची पद्धत आपोआप बदलते, हा त्यातला धडा तालुक्यालाही लागू आहे.

तीव्र मानसिक आजार असलेल्यांबाबत चित्र इतके उजळ नाही. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर तमिळनाडू, गोवा आणि सातारा इथे झालेल्या ‘कोप्सी’ चाचणीत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन साथ दिली आणि दवाखान्यातले उपचारही चालू राहिले. २०१४ मध्ये आलेला निष्कर्ष असा की फायदा झाला, पण माफक. मला तो निराशाजनक वाटत नाही. या रुग्णांची दुसरीच एक बाजू आपण मोजतही नाही. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. मानसविकृतीवरच्या ओलान्झापिनसारख्या औषधाने वजन आणि साखर वाढते हे सर्वश्रुत आहे. तरी मनोविकार ओपीडीत वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र टेबलावर दिसेलच असे नाही, आणि साखर तपासायला ‘तिकडच्या’ खिडकीवर जावे लागते. तिकडच्या खिडकीवर ‘हा मानसिकचा पेशंट आहे’ असे म्हटले जाते. द्विध्रुवी विकारासाठी लिथियम चालू असलेल्या बाईला गुडघेदुखीसाठी कोणी वेदनाशामक गोळ्या किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी दिली, तर लिथियमचे रक्तातले प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकते. या दोन्ही गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज दिल्या जातात. इथे चूक एका डॉक्टरची नसते. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचा कागद दिसत नाही.

मग करायचे काय? मनोविकारतज्ज्ञ वाढवा, हे उत्तर बरोबर आहे आणि लवकर हाती लागणारे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण साधारण ७० ते ९२ टक्के आढळले होते. (त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आपण आपल्याबद्दल जे बोलतो ते पुष्कळसे इतरांच्या आकड्यांवरून बोलतो.) तज्ज्ञांची संख्या तूर्त एवढीच राहणार असे धरले, तर खरा प्रश्न त्यांच्या वेळेच्या वाटपाचा आहे. आज जिल्ह्याचा मनोविकारतज्ज्ञ ओपीडीत गर्दीला सामोरा जातो, आणि त्या गर्दीत मोठा भाग ठरलेल्या गोळ्या पुन्हा लिहून घेणाऱ्यांचा असतो. ते काम वैद्यकीय अधिकारी करू शकतो. त्याऐवजी तज्ज्ञाने आठवड्यातले दोन तास समन्वयकांबरोबर यादी घेऊन बसावे. रुग्णामागे पाच-सहा मिनिटे धरली तरी अडलेल्या वीस-बावीस रुग्णांचा विचार होतो. ही बैठक व्हिडिओवरही चालेल. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला तरी उपचारांची जबाबदारी मूळ डॉक्टरकडेच राहते, त्यामुळे ‘न पाहिलेल्या रुग्णाबद्दल मी कसे बोलू’ ही तज्ज्ञांची शंका बऱ्याच अंशी मिटते. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तोही आज प्रामुख्याने फोन करणाऱ्याचे ऐकतो. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला अडलेल्या रुग्णाबद्दल विचारता यावे म्हणून त्याची एखादी वेगळी वाट सहज ठेवता येईल.

दुसरी गोष्ट समन्वयकाची. हे काम आशाताईवर टाकायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ती गावात असते आणि स्वस्त पडते. मला तो मोह चुकीचा वाटतो. आशाताईकडे आधीच कामांची रांग लागलेली आहे, तिचा बराचसा मोबदला कामागणिक मिळतो, आणि ती त्याच गावची सून असते. नवऱ्याच्या मारहाणीमुळे झोप उडालेली बाई नवऱ्याच्या चुलतभावजयीपाशी मन मोकळे करणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्या मदतीने नैराश्य असलेल्यांपैकी उपचार शोधणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेले. माणसे शोधून दारापर्यंत आणण्यात गावच्या माणसाला तोड नाही. पण गुंता सोडवायला जी गुप्तता आणि जो अधिकार लागतो तो तालुक्याच्या रुग्णालयात बसणाऱ्या, पगारी, कायम समन्वयकाकडेच असू शकतो. कायम हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. अकरा महिन्यांच्या करारावर असलेला समुपदेशक निघून गेला की त्याच्यापाशी उघड झालेली माणसे पुन्हा पहिल्या खिडकीशी येऊन उभी राहतात, आणि त्यातली काही येतही नाहीत.

या समन्वयकाला डॉक्टरांना फोन करून ‘लिनेझोलिड चालू आहे, ही गोळी द्यायची का’ असे विचारण्याची मुभा हवी आणि तसे विचारणे हे त्याचे कामच आहे असे लेखी हवे. आपल्या रुग्णालयांतली उतरंड ज्याला माहीत आहे त्याला हे वाटते तेवढे सोपे नाही, हेही माहीत असेल. दारूसाठी आणि नैराश्यासाठी गोव्यातच विकसित झालेल्या, स्थानिक समुपदेशकांनी थोड्या बैठकांत द्यायच्या पद्धती आहेत आणि त्यांचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. तेव्हा दारू पिणारा माणूस आला की ‘आधी सोडून या’ म्हणून परत पाठवण्याला आता काही शास्त्रीय सबब उरलेली नाही. दारू, झोप आणि साखर यांचा एकत्रच विचार व्हायला हवा.

तिसरी गोष्ट औषधांच्या पलीकडची. ऊसतोड मजुराची उचल फिटलेली नसेल आणि कोयता, म्हणजे कामावरची जोडी, मोडला असेल, तर त्याचे नैराश्य नुसत्या गोळीने आणि गप्पांनी हलणार नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, २०१६ च्या कायद्यानुसार मिळणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, क्षयरुग्णांसाठी असलेली पोषणाची रक्कम ही कागदपत्रे पुरी करून घेणे हा उपचारांचाच भाग मानून समन्वयकाच्या कामात धरला पाहिजे. डॉक्टर मंडळींना हे ‘समाजकल्याण खात्याचे काम’ वाटते. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत पंचवीसेक वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्रांनी घरगुती हिंसेच्या बाबतीत हीच समजूत मोडून दाखवली. जखमेला टाके घालणाऱ्या डॉक्टरनेच ‘हे कशाने झाले’ असे विचारावे आणि त्याच आवारात त्या बाईला पुढचा आधार मिळावा, हे तिथे शक्य झाले. आजार आणि अडचण यांच्यामध्ये खात्यांची भिंत असते, रुग्णाला ती दिसत नाही.

एकत्रित नोंदीचा आग्रह धरताना एक इशारा मात्र द्यायलाच हवा. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि एकाच केसपेपरवर सगळे लिहिले तर एचआयव्ही, मारहाण, आत्महत्येचा प्रयत्न या सगळ्या गोष्टी इंजेक्शनच्या खोलीपर्यंत जातील. कोणती औषधे चालू आहेत, कोणता धोका आहे आणि पुढची तारीख काय, एवढे सर्वांना दिसावे. हकिकत समन्वयकाकडे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे राहावी. वाटण्याची ही रेषा रुग्णाला विचारून आखावी, कारण काहींना आपल्या घरच्यांपासून लपवायचे असते, तर काहींना फक्त गावापासून.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा घेतला जातो: साधने तुटपुंजी आहेत, तेव्हा जे लवकर आणि स्वस्तात बरे होतील त्यांना आधी गाठा, म्हणजे त्याच पैशांत जास्त लोकांचे भले होईल. हा आक्षेप हृदयशून्य नाही. त्यामागे हिशेब आहे. पण तो हिशेब अपुरा आहे. गोव्याच्या ‘मानस’ चाचणीत सरकारी आणि खासगी मिळून नेहमीच्या सेवेतलेही निम्म्याहून अधिक रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. म्हणजे साध्या रुग्णांतला एक मोठा गट थोड्या आधाराने, कधी आपोआपही सावरतो. खास मेहनतीचा उपयोग जे सावरत नाहीत त्यांच्यावर जास्त होण्याची शक्यता आहे. शिवाय गुंतागुंतीचा रुग्ण वगळला म्हणून त्याच्यावरचा खर्च वाचत नाही. क्षयाचा अर्धवट कोर्स, वाढलेल्या साखरेने पाय कापायची पाळी, विष घेतल्यावरचा अतिदक्षता विभाग, यांचा खर्च होतोच. तो फक्त दुसऱ्या लेखाशीर्षाखाली पडतो. आणि गुंतागुंत ही काही अपवादात्मक गोष्ट नाही. वय वाढेल तसे मधुमेह, रक्तदाब आणि उदासी एकत्रच येणार, त्यामुळे आज ज्याला आपण अवघड केस म्हणतो तो काही वर्षांनी तालुक्याच्या ओपीडीतला सर्वसाधारण माणूस असेल.

सुरुवात कुठे करायची याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: जिल्हास्तरावरच्या मासिक आढाव्यात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापासून. आज तिथे किती जणांची तपासणी झाली आणि किती जणांचे समुपदेशन झाले, असे विचारले जाते. त्याऐवजी, उपचार सुरू होऊन तीन महिने झाल्यावरही ज्यांची लक्षणे निम्म्याने कमी झाली नाहीत अशांची नावनिशीवार यादी मागावी, आणि त्यातल्या प्रत्येकाबाबत गेल्या महिन्यात काय बदलले हे विचारावे. गुंतागुंतीचे रुग्ण याच यादीत सापडतात, त्यांची वेगळी व्याख्या करत बसण्याची गरज नाही. या यादीसाठी वेगवेगळ्या विभागांचे समुपदेशक सामाईक करण्याचा मार्ग मात्र थोडा वाकडा आहे. आयसीटीसीचा समुपदेशक एड्स नियंत्रण संस्थेच्या निधीतून येतो, एनसीडी आणि मैत्री क्लिनिकचे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, आणि प्रत्येकाची कामे केंद्राकडून मंजूर होणाऱ्या आराखड्यात बांधलेली असतात. म्हणून पहिल्या वर्षी अभियानाच्या निधीतल्या समुपदेशकांपुरतेच हे करावे, अशा एखाद्या जिल्ह्यात जिथे मनोविकारतज्ज्ञाचे पद खरोखर भरलेले आहे, आणि क्षय अधिक मधुमेह अधिक नैराश्य या एकाच गाठीपासून. आयसीटीसीचा प्रश्न दोन संस्थांच्या पत्रव्यवहारात एखादे वर्ष जाईल हे गृहीत धरून तो पुढच्या आराखड्यात घ्यावा.